खालच्या फळीवरच्या कादंबऱ्या

(हिंगोली जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



एका गावातल्या ग्रंथपाल बाईला हे अध्यक्षपद दिलंत, याबद्दल स्वागत समितीची मी आभारी आहे. शेतीची कामं बाजूला ठेवून ज्यांनी हा मंडप उभा केला, त्या कार्यकर्त्यांचे मनापासून आभार. निजामी राजवटीत मराठी पुस्तक हाती मिळणं मुश्किल असतानाही ज्यांनी वाचनालयं चालवली, त्या आपल्या पूर्वसूरींना अभिवादन करते.

अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. १९६७च्या ग्रंथालय कायद्यानं आपल्याला मान्यता दिली, अ ते ड असे वर्ग दिले, अनुदान दिलं. सेवकांच्या वेतनाचा प्रश्न मात्र अजून लोंबकळतोच आहे. वेतन, वर्गबदल, इमारती यांवरचे ठराव दुपारच्या सत्रात येणार आहेत. त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. मला मात्र आज दुसरंच बोलायचं आहे. अनेक अधिवेशनांत मागच्या खुर्चीवर बसून हे बोलणं मी गिळलं. आज माईक हातात आहे, तेव्हा बोलते.

प्रेमाच्या आणि अद्भुताच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाचा आपण अपमान केला आहे. या कादंबऱ्या आपण खालच्या फळीवर ठेवतो. तपासणीला कुणी येणार असलं की त्या आत सरकवतो आणि वैचारिक ग्रंथ पुढं मांडतो. एखादी बाई कादंबरी मागायला आली की आपल्यातलेच काही जण विचारतात, "कधीतरी चांगलं काही वाचा की!" ती बाई पुन्हा येत नाही. आणि मग आपण परिसंवाद भरवतो : वाचनसंस्कृती का लोपली?

शृंगार आणि अद्भुत आपल्याकडं इंग्रजीतून आले, असं समजणाऱ्यांना मी आपल्याच गोदावरीचा काठ दाखवीन. सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती ही महाराष्ट्री प्राकृतातली सातशे मुक्तकं आहेत. त्यांत गावातल्या बायकापुरुषांचं प्रेम आहे, रुसवा आहे, चोरट्या भेटी आहेत. त्याच सातवाहनांच्या दरबाराशी, पैठणशी, गुणाढ्याची आख्यायिका जोडलेली आहे. त्यानं पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा रचली. विद्याधरांच्या, राजपुत्रांच्या, प्रेमाच्या आणि जादूच्या त्या कथा होत्या. पिशाच्चांची भाषा म्हणून राजानं त्या नाकारल्या. गुणाढ्य रानात गेला आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकू लागला. प्राणी चरणं विसरून ऐकत राहिले. राजाला कळून तो धावत येईपर्यंत सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या एक लाखातून पुढं कथासरित्सागर आला.

ही आख्यायिका मी नव्या ग्रंथपालांना नेहमी सांगते. दरबारानं ज्याला हलकं म्हटलं, ते ऐकणाऱ्यांनी ओळखलं होतं. आणि आपल्या जिल्ह्यात तर अद्भुताची वाण नाहीच. औंढ्याला नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरलं, ही कथा आपण पाळण्यात ऐकली. नर्सीच्या वाटेवर ती अजून सांगितली जाते. तिच्यावर विश्वास ठेवणाऱ्या गावात अद्भुत कादंबरीला पोरखेळ म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

मराठी कादंबरीही या दोन रसांवरच वाढली. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ची. त्यानंतर 'रत्नप्रभा', 'मंजुघोषा' आल्या. पुढं नाथमाधवांचा 'वीरधवल' लोकांनी पारायण केल्यासारखा वाचला. मग वास्तववादाचा काळ आला आणि तो यायलाच हवा होता. पण त्याबरोबर एक शिस्तही आली : दुःख लिहाल तर साहित्य, सुख लिहाल तर करमणूक. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'त म्हातारा होण्याचा शाप आहे, मुलाचं तारुण्य मागून घेणारा बाप आहे, देवयानी आहे, शर्मिष्ठा आहे. प्रेम आणि अद्भुत दोन्ही काठोकाठ. तिला ज्ञानपीठ मिळालं, ते योग्यच झालं. मग तेच दोन रस पुराणाच्या आधाराशिवाय आले की कमअस्सल कसे ठरतात? गौरी देशपांड्यांनी अतिशय आधुनिक बायकांच्या प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिल्या आणि त्याच हातानं अरेबियन नाइट्सचे सोळा खंड मराठीत आणले. त्यांना या दोन गोष्टींत भांडण दिसलं नाही. नारायण धारपांच्या भयकथा आमच्या ग्रंथालयात जीर्ण होईपर्यंत वाचल्या गेल्या. २०१८ साली त्यांच्या कथांवरून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' चित्रपट आला आणि मग शहरातल्या जाणकारांना धारप दिसले. आमच्या वाचकांना ते आधीपासून दिसत होते.

हा वाचक काय म्हणतो, ते कुणी लिहून ठेवलं नाही. मी ऐकलं आहे, म्हणून सांगते.

मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ची. मुलगे ती एका बैठकीत संपवतात. नववीतल्या जोशीचं शिरोडकरवरचं प्रेम कुणी टिंगल न करता लिहिलं, याचं त्यांना अप्रूप वाटतं. मुलींचं मत वेगळं. एक मुलगी पुस्तक परत करताना म्हणाली, "ताई, सगळं जोशीच्याच मनातलं आहे. शिरोडकरच्या मनात काय होतं, ते कुणी लिहिणार का?" त्या कादंबरीची यापेक्षा नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ची. एकाच माणसावर भाऊ आणि बहीण दोघांचं प्रेम. आमच्याकडं ती एका तरुणानं नेली. परत आणली तेव्हा तो हळूच म्हणाला, "हिची नोंद माझ्या कार्डावर ठेवू नका." मग खाली बघत म्हणाला, "पहिल्यांदा कुणीतरी बरोबर लिहिलं." पुस्तक निवडीच्या बैठकीत अशा पुस्तकांची गावाला गरज काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा मला तो मुलगा आठवत होता. मी त्याचं नाव तेव्हाही घेतलं नाही, आजही घेणार नाही. गरज होती, एवढंच सांगते.

अमीश यांच्या 'मेलुहाचे मृत्युंजय'नं कधी ग्रंथालयात न आलेली मुलं आणली. वेग आहे, लढाया आहेत, तलवार चालवणारी सती आहे. मुली सतीसाठी वाचतात. पण औंढ्याच्या यात्रेला न चुकता जाणाऱ्या एका आजोबांनी ते वाचून सांगितलं, "महादेव माणूस होता, हे चालतंय. पण हा महादेव फार बोलतोय. आमचा गप ऱ्हातो, म्हणून त्याच्यापशी बसावं वाटतं." पुराणावरच्या आजच्या बहुतेक कादंबऱ्यांना हे लागू आहे. त्यांत सगळं समजावून सांगतात, गूढ काही उरू देत नाहीत.

आता प्रेमकथा. मार्च महिन्यात आपल्याकडं रात्रभर हळद शिजते. कुकरपाशी जागणारी एक बाई दिव्याच्या उजेडात आमची पुस्तकं वाचायची. तिचं मत असं : "या पोरीचं लगीन होऊन दोन वर्सं झाली, पण नवऱ्याला एकदा बी पैसे मागावं लागले नाहीत. आमचं निम्मं भांडण तिथंच असतंय." प्रेमकथा लिहिणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य टेबलासमोर लावावं. मराठी प्रेमकथेत पाऊस भरपूर आहे, पैसा नाही. जात तर आणखी कमी आहे. आपल्या गावात प्रेम पहिल्यांदा अडतं, ते तिथंच.

दुसरी एक अंगणवाडी सेविका. ती मोबाइलवर शेकडो भागांच्या प्रेमकथा वाचते. नायक मोठ्या कंपनीचा मालक, तापट, लग्न कराराचं, नायिका सोशीक. मी तिला विचारलं, कामून वाचायलीस? ती म्हणाली, "तो तिला रोज विचारतो, जेवलीस का. तेवढ्यासाठी वाचायलेय." आणि लगेच म्हणाली, "पण हात उगारणारा माणूस शेवटच्या भागात सुधरतो, हे खोटं आहे. आमच्या गल्लीत एक बी सुधरला नाही." बघा, ती त्या कथेच्या आहारी गेलेली नाही. त्यातलं काय हवं आणि काय खोटं, हे ती आपल्याइतकंच जाणते. उणीव तिच्यात नाही. तिला यापेक्षा चांगली प्रेमकथा आपण देऊ शकलो नाही, ही उणीव आहे.

सकाळच्या चर्चासत्रात मित्रांनी तीन प्रश्न मांडले. त्यांची माझ्यापुरती उत्तरं देते.

पहिला, तरुण वाचत नाहीत. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ची. २०१३ साली तिच्यावर चित्रपट आला आणि आमच्या एकुलत्या प्रतीवर रांग लागली. त्या प्रतीची शेवटची पानं गळाली होती. अकरावीतल्या एका मुलानं शेजारच्या तालुक्यातून दुसरी प्रत मिळवली, गळालेली पानं वहीच्या कागदावर हातानं उतरवली आणि खळीनं चिकटवून पुस्तक परत आणलं. ज्या पिढीत असा मुलगा आहे, ती वाचत नाही असं माझ्यासमोर कुणी म्हणू नये.

दुसरा, अनुवादित अद्भुत आपल्या मुलांना परकं आहे. 'हॅरी पॉटर आणि परीस' आमच्याकडं वसतिगृहातल्या एका मुलानं नेलं. आईवडील ऊसतोडीला गेलेले. त्याला जादूच्या कांडीचं फारसं काही वाटलं नाही. त्याला आवडली ती त्या शाळेतली जेवणाची पंगत, जिथं ताटं आपोआप भरतात आणि कुणी मोजून वाढत नाही. परकं काय आणि आपलं काय, हे त्या मुलानं एका वाक्यात ठरवलं. आपण त्यावर दीड तास बोललो.

तिसरा प्रश्न तर जुनाच, प्रेमाच्या कादंबऱ्यांनी मुली बिघडतात. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. न्यायालयात मिटलेला वाद आपल्या गावांत मात्र चालूच आहे. एक वडील माझ्याकडं आले आणि मुलीचं कार्ड बंद करा म्हणाले. मी नकार दिला. काही महिन्यांनी त्या मुलीचं लग्न ठरू लागलं, वय सोळा. ती आईला म्हणाली, "पुस्तकातल्या पोरीला निदान विचारतात तरी. मला कुणी विचारलं?" आई तिच्या बाजूनं उभी राहिली आणि लग्न पुढं गेलं. बालविवाहाविरुद्धच्या पत्रकांचा गठ्ठा आमच्या टेबलावर कायम असतो. त्या घरी काम केलं ते एका प्रेमकथेनं.

आता माझं खरं दुखणं सांगते. मराठवाड्यानं काय लिहावं, हे दुसऱ्यांनी ठरवून टाकलं आहे. दुष्काळ, कर्ज, आत्महत्या. हे लिहिलंच पाहिजे. आपल्या लेखकांनी ते जिवाच्या करारावर लिहिलं आहे. पण कयाधूच्या काठी कुणी प्रेमात पडत नाही का? सिद्धेश्वरच्या धरणावर चांदण्यात बसलेल्या माणसाला काही विलक्षण दिसत नाही का? आपल्याकडची चांगली लिहिणारी मुलंमुली प्रेमकथा लिहितात आणि लपवतात. कुणी बघितलं तर हलकी म्हणेल, या भीतीनं. एका मुलीनं कयाधूतल्या जळपरीवर लिहिलेली वही मला दाखवली होती. पुढं तिनं ती फाडली, कारण कुणीतरी तिला वास्तव लिही, असं सांगितलं. असं किती लेखन गेलं असेल, याचा विचार आला की मला राग येतो. या वयात तो कमी होईल वाटलं होतं, झाला नाही.

मी सगळ्या कादंबऱ्यांची वकिली करत नाही. यांतल्या पुष्कळ घाईनं लिहिलेल्या आहेत, एकीसारखी दुसरी आहे, मुद्रणदोषांनी भरलेल्या आहेत. हे मला माझ्या वाचकांनीच शिकवलं. वाईट प्रेमकथेचा त्यांच्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही, कारण त्यांना चांगली हवी आहे.

तेव्हा काय करायचं? प्रत्येक ग्रंथालयात वाचकांच्या मतांची एक वही ठेवावी. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचं मत ग्रंथपालानं त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावं, नाव हवं तरच घालावं. निवड समितीत किमान एक बाई कादंबरी वाचणारी असावी. पुढच्या ग्रंथोत्सवात जिल्ह्यातल्या नव्या प्रेमकथा आणि अद्भुतकथांसाठी एक सत्र मागून घेऊ. या वह्यांतून निवड करून एखादी पुस्तिका काढता येईल. खर्चाचं आणि संपादनाचं कार्यकारिणीनं बघावं, तपशील बसून ठरवता येतील.

एक गोष्ट मात्र बैठकीची वाट न पाहता करता येईल. परवा सोमवारी आपापल्या ग्रंथालयाचं कुलूप उघडाल, तेव्हा खालच्या फळीवरच्या त्या कादंबऱ्या वर, दारासमोरच्या फळीवर आणा. तपासणीला आलेल्यांनी विचारलं तर सांगा, आमचे वाचक हे वाचतात आणि या पुस्तकांबद्दल त्यांना बरंच काही म्हणायचं आहे, बसा, ऐकवतो.