नाताळची आरास आपल्याच शिवारातून
(मुरुड येथे आगमनकाळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नाताळ जवळ आला म्हणजे घरोघरी प्रश्न निघतो की, यंदा आरास काय करावी? प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या पोटी मोठा प्रश्न आहे. विकतची आरास आणण्याइतका पैसा ज्याच्यापाशी नाही, त्याच्या घरचा सण उणा ठरतो काय? लेकरे दुसऱ्याच्या घरचा झगमगाट पाहून येतात व आपल्या घराची लाज धरतात. मग आईबाप उसनवारी करून बाजारातून चकचकीत माळा व प्लास्टिकचे झाड आणतात. गव्हाणीत निजविलेल्या प्रभूच्या सणापायी कर्ज व्हावे, ही गोष्ट खचित विचार करण्याजोगी आहे.

आराशीची प्रेरणा कोठून घ्यावी, हे ठरविण्यासाठी आधी मुळाकडे पाहू. संत लूकच्या शुभवर्तमानात बाळाला गव्हाणीत ठेविल्याचे सांगितले आहे. तेथे बर्फ नाही व देवदारही नाही. फार काय, बैल व गाढव यांचाही उल्लेख तेथे नाही. ती मुकी जनावरे यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायावरून पुढे चित्रांत आली. 1223 साली इटलीतील ग्रेच्चो नामक डोंगरी गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाण मांडली. तीत मूर्ती नव्हत्या. गवत होते, जिवंत बैल व गाढव होते, आणि दिवे घेऊन आलेले गावकरी होते. त्या साधुपुरुषाने जे गावात होते, तेच प्रभूपुढे मांडिले. आराशीचे सारे शास्त्र यात आले.

नाताळचे झाड मूळचे जर्मन लोकांचे. 1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे अशा झाडासह चित्र छापले गेले, तेव्हापासून ती चाल इंग्रजांत फैलावली. ज्यांच्या रानात ते झाड उगवते, त्यांनी ते घरात आणिले. यात वावगे काहीच नाही. परंतु आपल्या रानात काय उगवते, हे आपण कधी विचारणार? फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडचे. पण 1616 साली त्यांचे क्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले, ते मराठी ओवीत. गोव्याचे चित्रकार आंजेलो दा फोन्सेका (1902–1967) यांनी पुण्यास राहून पवित्र मरियेची चित्रे काढिली, ती साडी नेसलेल्या मातेची. काहींनी त्यांस नावे ठेविली. आज तीच चित्रे आदराने पाहिली जातात. जे शब्दांत व रंगांत शोभले, ते आपल्या ओसरीवर का शोभू नये?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू.

पहिली गोष्ट खोपीची. लातूर-धाराशिवच्या शिवारात वेळ अमावस्येला शेतकरी कडब्याची कोप उभारतात, आणि ही अमावस्या बहुधा नाताळच्या आगेमागेच येते. तेथील पूजा शेजाऱ्यांची आहे, तिचा मान आपण राखावा. पण कडबा बांधण्याची कला साऱ्या गावाची आहे. चार पेंढ्या घेऊन त्यांची बुडखे पसरावी, शेंडे एकत्र आवळावे, की गव्हाणीवरचे छप्पर झाले. सोयाबीनचा पेरा वाढल्यापासून ज्वारी कमी झाली व कडबा महागला, म्हणून तो वाया जाऊ देऊ नये. सण सरला की खोप सोडून कडबा गुरांस घालावा. अशी आरास कोणत्या दुकानात मिळेल?

दुसरी गोष्ट बैलांची. पोळ्याला मातीचे बैल करणारे हात आपल्या गावोगावी आहेत. गव्हाणीचा बैल परदेशी चित्रावरून कशास घ्यावा? देवणी जात आपल्याच जिल्ह्यातील देवणी तालुक्याच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, काळ्या तोंडाचा वानेरा, पांढराशुभ्र बालंक्या, असे तिचे प्रकार आहेत. नांदेडकडचा लाल कंधारीही तसाच देखणा. मात्र काळी माती वाळताना आकसते व भेगाळते. म्हणून तीत बारीक भुसा व थोडे शेण मळावे, आणि चित्रे सावलीत हळूहळू वाळवावी.

तिसरी गोष्ट ताऱ्याची. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या. पाच-पाच कामट्यांचे दोन तारे बांधून ते एकावर एक ठेवावे व टोके आवळावी. मग आतल्या बाजूस कामट्या जेथे एकमेकींस छेदतात, त्या पाच जागी पाच-सहा बोटे लांबीच्या काड्या मध्ये अडकवाव्या. तारा फुगून उभा राहतो. वर खळीने पतंगी कागद चिकटवावा. आकाशकंदील करणाऱ्या मुलास हे सांगावेही लागणार नाही. फिलिपाइन्स बेटांतील ख्रिस्तीजन असाच बांबूचा व कागदाचा तारा करतात आणि त्यास पारोल म्हणतात. आत मेणबत्ती न ठेविता विजेचा लहान दिवा ठेवावा. कागद पेट घेतो.

चौथी गोष्ट हिरवळीची. फ्रान्सच्या प्रोव्हान्स प्रांतात 4 डिसेंबरला, संत बार्बराच्या दिवशी, बशीत गहू भिजवून ठेवितात; नाताळपर्यंत हिरवे अंकुर येतात व ते गव्हाणीपाशी मांडितात. आपल्या घटस्थापनेशी परिचित असणाऱ्या मुलुखात हे कोणास नवे वाटेल? मूठभर गहू व पाणी, एवढाच खर्च. त्याजवळ तुरीच्या शेंगांची डहाळी ठेवावी, दारी सडा घालावा व रांगोळीत तारा काढावा.

बंधुभगिनींनो, कोणी म्हणेल, ही गरिबांची समजूत घालणे झाले. तसे नव्हे. विकतची माळ घेणाऱ्यास मी दोष देत नाही. ज्यास परवडते त्याने ती सुखाने लावावी. परंतु विकतची माळ लावण्यास एकच मनुष्य पुरतो. खोप बांधण्यास आजोबा लागतात, कारण पेंढी आवळण्याची गाठ त्यांसच ठाऊक असते. बैल करण्यास आजी लागते, ताऱ्यास थोरला मुलगा व अंकुरांना रोज पाणी घालण्यास धाकटी मुलगी लागते. ज्या घरात एरवी म्हातारी माणसे एका कोपऱ्यात व लेकरे दुसऱ्या कोपऱ्यात असतात, ते घर चार संध्याकाळ एकत्र बसते. आणि ती गाठ आज नातवाने शिकून घेतली नाही, तर आजोबांच्या मागे ती शिकविणार कोण?

म्हणून माझी एवढीच विनंती आहे की, यंदा प्रत्येक घराने निदान एक वस्तु हातांनी करावी, आणि शेजाऱ्यांस, ते कोणत्याही धर्माचे असोत, ती पाहावयास बोलवावे. कडब्याची खोप पाहून ते तिच्यातील गुणदोष लगेच सांगतील, कारण ती त्यांच्याही ओळखीची आहे. आणि तिच्याखाली निजलेल्या बाळाची विचारपूस करतील. सर्वांस नाताळ सुखाचा जावो.