न थांबणारे रक्त
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात पेण येथे केलेले भाषण)



चिटणीसांनी 'आपल्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगा' अशी आज्ञा केली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. पेण व रोहे येथे मुलांना औषध देण्यात माझे आयुष्य गेले. त्यात गोवर, खोकला आणि जंत यांचाच भरणा. परंतु मला खरी वैद्यकी शिकविली ती रक्तस्रावाचा विकार असलेल्या मोजक्या मुलांनी.

१९८१ साली आपल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, त्या सुमाराची गोष्ट. रोह्यातील एका चार वर्षांच्या मुलाचे ओठ फुटल्याचे निमित्त झाले आणि दोन दिवस रक्त थांबेना. तुरटी झाली, हळद झाली. मग तो माझ्याकडे आला, आणि मी त्याच्या मांडीत इंजेक्शन टोचले! दुसऱ्या दिवशी मांडी नारळासारखी सुजली. अशा मुलास स्नायूत सुई टोचू नये, हे पुस्तकात वाचले होते; परंतु हाच तो विकार, हे मला सुचले नाही. माझी ती चूक मी आजवर विसरलो नाही. तेव्हा रोह्यापर्यंत आगगाडी आलेली नव्हती, एस.टी.ने त्याला मुंबईस नेले. निदान झाले : हिमोफिलिया. रक्त गोठविणाऱ्या घटकांपैकी आठवा घटक त्याच्या अंगी जवळजवळ नव्हता.

घरी परतल्यावर निराळेच युद्ध सुरू झाले. मुलाचा एक मामा बालपणीच रक्त जाऊन वारला होता, ही गोष्ट लग्नाच्या वेळी लपविली होती. सासरची मंडळी सुनेस बोल लावू लागली. मी त्यांना समजावले की, हा दोष आईकडून मुलाकडे येतो खरा, पण तो तिने मागून घेतलेला नसतो. अशा आईच्या प्रत्येक मुलास विकार होण्याचा आणि प्रत्येक मुलीस तो वाहून नेण्याचा संभव निम्मा असतो. जगात सुमारे पाच हजार मुलग्यांमागे एकास हा विकार असतो. रशियाच्या शेवटच्या झारचा राजपुत्रही त्यातून सुटला नाही. सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तर पूर्वी कोणासच तो नसतो.

(जाता जाता सांगतो, मामाची मुलगी करण्याच्या आपल्या रूढीचा हिमोफिलियाशी संबंध नाही. पण ग्लान्झमनचा विकार म्हणून दुसरा एक आहे. तो मुलींनाही होतो, आणि तेथे मात्र जवळच्या नात्यातील विवाह बाधतो.)

उपचारांचे म्हणाल, तर १९६४ च्या सुमारास अमेरिकेतील ज्युडिथ पूल या विदुषीस आढळले की, गोठविलेला रक्तरस हळूहळू वितळविला म्हणजे तळाशी राहणाऱ्या साक्यात आठवा घटक पुष्कळ असतो. आमच्या मुलाला मुंबईत तोच मिळे. पुढे १९८० नंतरच्या दशकात जगभर असंख्य रुग्णांस रक्तापासून केलेल्या औषधांच्या वाटेने एड्सच्या विषाणूची बाधा झाली. आता शुद्ध केलेले व प्रयोगशाळेत घडविलेले घटक आहेत, महाराष्ट्रात सरकारी केंद्रांतून ते विनामूल्य मिळतात, आणि २०१६ च्या कायद्याने हिमोफिलियास अपंगत्वाच्या यादीत स्थान मिळाले आहे.

आमच्या मुलास हे सारे उशिरा मिळाले. गुडघ्यात वारंवार रक्त साचून तो आखडला. शाळेत त्याला आळशी म्हणत. पुढे तो पेणला गणपतीच्या कारखान्यात बसून डोळ्यांची आखणी करू लागला. हात इतका स्थिर की, त्याने रेखलेली नजर मला शेकडो मूर्तींत ओळखता येई.

त्याच्या धाकट्या बहिणीने विवाहापूर्वी वरपक्षास सारे सांगण्याचा हट्ट धरला. दोन स्थळे मोडली. आईने माझ्या दवाखान्यात येऊन डोळ्यांना पदर लावला. तिसऱ्या स्थळाने ऐकून घेतले व होकार दिला. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात १९५७ साली रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झालेली संस्था आता या विकारांच्या वाहक स्त्रियांचीही तपासणी करते. तेथे पतिपत्नी दोघे मिळून गेली. ती वाहक निघाली. तिला आज दोन अपत्ये आहेत. ती कोण, हे मी सांगणार नाही.