देवीच्या नांवाचें रुग्णालय

दवाखाना उघडला कीं रोगी आपोआप येतो, ही शहरी समजूत गडचिरोलीच्या अरण्यांत टिकत नाहीं. तेथील गोंड रोगी रुग्णालयाची पायरी चढावयास कचरत. ‘सर्च’ संस्थेचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं त्यांना दोष न देतां कारण विचारलें. उत्तरें मोठीं मार्मिक मिळालीं. मोठ्या इमारतींत माणूस वाट चुकतो. नातलगांना बाहेर काढतात. डॉक्टर व परिचारिका पांढऱ्या वस्त्रांत वावरतात, आणि पांढरें वस्त्र तर प्रेतावर घालावयाचें! शिवाय, जेथें देव नाहीं तेथें रोग बरा कसा व्हावा?

हंसण्याजोगें यांत कांहींच नाहीं. नातलग दाराबाहेर राहिला म्हणजे मुंबईच्या रोग्याचाही धीर सुटतोच.

१९९३ सालीं शोधग्राम येथें रुग्णालय उभें राहिलें, तें गोंडांच्या गांवासारखें : लहान लहान झोंपड्या, आप्तांना रोग्याजवळ राहण्याची मुभा, आणि नांव माता दंतेश्वरीचें. औषधें मात्र इतरत्र देतात तींच. देवीच्या जत्रेला गांवोगांवचे प्रतिनिधी जमतात, आणि कोणत्या रोगावर आधीं काम व्हावें, तें डॉक्टरांना सांगतात.