टॅरो नको, मग कुठले पत्ते?

बऱ्याच जणांनी विचारलंय, टॅरो सोडून दुसरे कुठले पत्ते घेऊ? माझं काय झालं ते सांगते.

ब्रेकअपनंतर मी ओरॅकल डेक घेतला. त्यात पत्ते किती, अर्थ काय, सगळं बनवणाऱ्याच्या मर्जीवर. रोज काहीतरी गोडच निघायचं. धीर हवा असेल तर घ्या, पण त्याला मेसेज करू की नको, हे मला काही कळेना.

मग लेनोर्मां. टॅरोचे 78 पत्ते, याचे 36. मुळात 1799च्या सुमारास न्यूरेंबर्गमध्ये निघालेला, फासे टाकून खेळायचा खेळ! मादमोआझेल लेनोर्मांचं नाव त्याला ती 1843मध्ये वारल्यावर चिकटलं. यात पत्ते जोडीनं वाचतात. मला अंगठी आली, शेजारी विळा. अंगठी म्हणजे बांधिलकी, विळा म्हणजे तोडणं. आता यात गोड काय शोधणार? थेट ऐकायची तयारी असेल तरच याच्या वाटेला जा.

माझी नव्हती. मी तिसरा डेक मागवला, किपर. तोही 36चाच, जर्मनच. पार्सल हातात आलं आणि हसूच आलं. उत्तर तर आधीच मिळालं होतं ना!

मेसेज केला नाही. किपरचं पाकीट अजून तसंच आहे, कुणाला हवंय का?