पाखरांची वीण आणि जुळवून घेण्याचा सिद्धान्त
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



अर्थशास्त्राच्या माणसाने पाखरांविषयी का बोलावे, असा प्रश्न आपणास पडला असेल. ‘परिस्थिती बदलली की ज्याने त्याने तिच्याशी जुळवून घ्यावे’ हा सिद्धान्त आजवर गिरणी कामगाराला आणि शेतमजुराला ऐकविला गेला. आता तोच निसर्गालाही लावला जात आहे. म्हणून तो तेथे कितपत टिकतो, हे तपासणे अगत्याचे आहे.

ऑक्सफर्डजवळच्या वायटम अरण्यात 1947 पासून ‘ग्रेट टिट’ या चिमणीएवढ्या पक्ष्याच्या विणीची नोंद ठेवली जात आहे. वसंत ऋतू लवकर उबदार होऊ लागला आणि ओकच्या पालवीवरील सुरवंट लवकर निघू लागले, तशी या पक्ष्याची अंडी घालण्याची वेळही सुमारे दोन आठवड्यांनी अलीकडे आली. पिलांची भूक आणि सुरवंटांची सुगी यांचा मेळ बव्हंशी टिकला. येथवर सिद्धान्त खरा ठरतो.

नेदरलँड्समधील ‘पाइड फ्लायकॅचर’ या माशीमार पक्ष्याची कथा मात्र निराळी आहे. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. उत्तरेत वसंत लवकर आला, ही वार्ता त्याला तेथे कोण देणार? परतल्यावर तो घाईने घरटे मांडतो. तरी पिले बाहेर येईतो सुगी सरत आलेली असते. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, जेथे सुरवंटांचा हंगाम सर्वांत लवकर येतो तेथे दोन दशकांत हा पक्षी सुमारे 90 टक्क्यांनी घटला. जेथे हंगाम सर्वांत उशिरा येतो तेथे घट सुमारे 10 टक्केच होती. तो आळशी नव्हता. त्याच्यापाशी अवधी नव्हता.

शहराचा अनुभव याहून बोलका आहे. शहरातील ग्रेट टिट अरण्यातल्या भाईबंदांपेक्षा सहसा लवकर अंडी घालतो. पण अंडी कमी, जगणारी पिले कमी आणि तीही हलकी. हा दोष शहरी आईबापांचा काय? हंगेरीतील वेस्प्रेम शहरात संशोधकांनी घरट्यांपाशी अळ्यांचा जादा खुराक ठेवला. शहरातील पिले अधिक संख्येने जगली व अंगाने भरली. अरण्यातील पिलांना त्याचा फारसा फरक पडला नाही, कारण तेथे अन्न होतेच. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा निष्कर्ष आपल्याला परिचित वाटावा: उणीव कर्तृत्वाची नव्हती, अन्नाची होती.

आपल्याकडील चिमणीसही हे लागू पडते. मोठी चिमणी दाण्यांवर जगते, पण पिलांना आरंभी किडे-अळ्याच लागतात. आपण हौसेने लाकडी घरटी टांगतो. भोवती मात्र फरसबंदी, शोभेची परदेशी झुडपे आणि कीटकनाशकांची फवारणी. छप्पर दिले आणि पोटाची सोय काढून घेतली, तर संसार उभा राहत नाही.

यास्तव केवळ हळहळून भागणार नाही. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याने नगरपालिकांवर वृक्षगणनेची जबाबदारी टाकली आहे. आपल्या गावी ही गणना झाली काय, तोडलेल्या वडा-उंबराच्या जागी काय लावले, फवारणी कोठे व कशासाठी होते, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी सभागृहात आणि वॉर्डात विचारावेत. झाडांचा आकडा पुरेसा नाही. त्या झाडांवर कोणाचे पोट भरते, हेही मोजले पाहिजे.

दुर्बलाने किती जुळवून घ्यावे, हे विचारण्याआधी परिस्थिती कोणी बदलली, हे विचारणे हीच आपली रीत आहे. ती पाखरांच्या बाबतीतही सोडण्याचे कारण नाही.