पेशीतील औत



दौंड जंक्शन आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. पुण्याकडून येऊन मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन तेथे कित्येक वर्षे सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. आपल्या शरीरातील पेशींमध्येही अशीच मालवाहतूक अहोरात्र चालू असते. फरक इतकाच, की तेथील डब्याला दोन्ही दिशांची इंजिने एकाच वेळी जोडलेली असू शकतात.

सूक्ष्मनलिका हे तेथील रूळ आणि चालक प्रथिने ही इंजिने होत. १९८५ साली उजेडात आलेले कायनेसिन हे प्रथिन बहुधा पेशीच्या केंद्राकडून परिघाकडे माल नेते. डायनीन तो परिघाकडून आत आणते. कायनेसिनचे पाऊल ८ नॅनोमीटरचे असते. एक मिलिमीटर अंतर तोडण्यास त्याला सव्वा लाख पावले टाकावी लागतात आणि प्रत्येक पावलास एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्ची पडतो.

या दोघांत कायनेसिन बलवान, तर डायनीन दुबळे. जरा ताण पडला की ते रुळावरून सुटते. तथापि रक्षक पेशीने गिळलेला रोगजंतू नाशाच्या ठिकाणी ओढून नेण्याचे अवघड काम निसर्गाने या दुबळ्याकडेच सोपविले आहे. हे कोडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. रूप मल्लिक आणि त्यांचे सहकारी यांनी हाती घेतले. उंदराच्या रक्षक पेशींना त्यांनी सूक्ष्म मणी गिळावयास दिले, आणि पेशीच्या आत चाललेला तो मणी लेझर किरणांच्या चिमट्यात धरून त्यामागील ओढ मोजली. बलवान कायनेसिन एकत्र येऊनही त्यांचे बळ एकवटत नाही. डायनीनची संख्या मात्र जसजशी वाढते, तसतशी त्यांची ओढ वाढत जाते, असे २०१३ साली त्यांनी दाखवून दिले.

भीमाकाठच्या काळ्या रानात सहा-आठ बैलांचा नांगर चालविलेली वडीलधारी मंडळी याचे कारण चटकन ओळखतील. पुढची जोडी एकटीच धावू लागली तर सारा भार तिच्यावर येतो आणि मागच्यांचे दोर सैल पडतात. भार वाढताच डायनीन आपले पाऊल आखडते. पुढची डायनीन अशी हळू होतात, मागची लांब पावले टाकून त्यांना गाठतात आणि ओझे सर्वांत वाटले जाते. ओढ फारच वाढली, तर डायनीन रुळाला अधिकच घट्ट धरून राहते. कायनेसिन अशा वेळी सुटून जाते. येथे कासरा धरणारा कोणी नसतो, हे विशेष! या संशोधकास २०१४ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक लाभले.

डायनीन एकत्र येतात ते जंतूभोवतीच्या पिशवीच्या आवरणावर, कोलेस्टेरॉलने समृद्ध अशा ठिकाणी, हे याच गटाने २०१६ साली दाखविले. काळा आजार निर्माण करणारा लिशमानिया हा परजीवी नेमका तेथेच घाव घालतो. त्याच्या अंगावरील एका पदार्थामुळे डायनीनचे हे घोळके मोडतात, पिशवीची वाटचाल मंदावते आणि जी पेशी त्याला मारण्यासाठी गिळते तिच्यातच तो तग धरून राहतो.