ताराराणी आणि समोरचा सुवर्णदुर्ग
(आंजर्लें येथील भाषण)



आंजर्ल्याच्या पुळणीवर उभें राहून दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे हर्णैसमोर समुद्रांत काळ्या पाषाणाचें एक बेट दिसतें. तोच सुवर्णदुर्ग. जे होडी घेऊन दर्यांत जातात त्यांच्या तो रोजच्या वाटेवर. म्हणूनच कदाचित् त्याकडे कोणी निरखून पाहत नाहीं. आज आम्हांस त्या बेटाविषयीं, आणि मोंगलाई अंगावर आली असतां ज्या राणीनें स्वराज्य राखलें तिच्याविषयीं, चार शब्द सांगावयाचे आहेत.

ती राणी म्हणजे सरसेनापति हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई. इ. स. १७०० च्या मार्चांत राजाराम महाराज सिंहगडावर वारले. त्या वेळीं ताराबाईचें वय पंचविशीच्या आंतबाहेर, मुलगा चार वर्षांचाहि नाहीं, आणि खुद्द औरंगजेब आपली अफाट फौज घेऊन मुलखांत तळ देऊन बसलेला. कर्ता पुरुष गेल्यावर शेत, बैल आणि दारांतला सावकार हीं तिन्ही एकट्या बाईनें सांभाळलेलीं घरें तुमच्या गांवांतहि असतील. ताराबाईचें घर तेवढें मोठें होतें, इतकाच फरक! तिनें मुलास गादीवर बसविलें आणि कारभार आपल्या हातीं घेतला. बादशहा एकेक किल्ला कधीं वेढा घालून, कधीं पैसे मोजून घेई. इकडे तिचे सरदार माळवा-गुजराथपर्यंत धडक मारीत. सात वर्षें हें चाललें. १७०७ सालीं बादशहा अहमदनगराजवळ मेला, पण मराठ्यांचें राज्य कांहीं बुडालें नाहीं. खाफीखान हा मोंगलांकडचा बखरकार. त्यालाहि ह्या बाईची हुशारी कबूल करावी लागली.

ह्याच धामधुमींत कोंकणचा दर्या कान्होजी आंग्र्यांनीं राखला, आणि त्यांच्या नांवाचा उदय ह्या सुवर्णदुर्गावरच झाला. किल्लेदार शत्रूस फितूर होऊं लागला तेव्हां कान्होजींनीं त्यास कैद करून किल्ला वांचविला, असें सांगतात. शाहू महाराज सुटून आल्यावर घरांतच दोन गाद्या झाल्या. कान्होजी बरींच वर्षें ताराबाईच्या पक्षास धरून होते. पुढें बाळाजी विश्वनाथानें तह करून त्यांस शाहूकडे वळविलें. १७१४ सालीं इकडे हें आरमार राणीच्या हातचें गेलें आणि त्याच वर्षीं तिकडे पन्हाळ्यावर सवत राजसबाईनें तिला कैदेंत टाकलें. कोणी तिला भांडखोर म्हणतात. असेलहि, परंतु हेंच भांडण पुरुषानें केलें असतें तर त्यास मुत्सद्देगिरी म्हटलें असतें.

आतां १७५५ सालाकडे या. नानासाहेब पेशव्यांचें तुळाजी आंग्र्यांशीं बिनसलें आणि त्यांनीं मुंबईकर इंग्रजांची मदत घेतली. एप्रिलच्या आरंभीं जेम्स नांवाच्या इंग्रज आरमारी सरदारानें ह्याच बेटावर तोफा डागल्या. दारूचें कोठार पेटलें आणि किल्ला पडला. किल्ला पेशव्यांस मिळाला, पण बाणकोट इंग्रजांनीं आपल्याकडे घेतलें. घरच्या भांडणांत शेजाऱ्यास बांध दाखविला कीं तो बांध कोरतो, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. ताराबाई त्या वेळीं साताऱ्यास होती, वय ऐंशीच्या घरांत. १७६१ च्या डिसेंबरांत ती वारली.

आणखी एक गोष्ट ऐका. जेम्स मेल्यावर त्याच्या विधवेनें १७८४ सालीं लंडनजवळच्या एका टेंकडीवर तीन बाजूंचा बुरूज बांधला आणि त्यास नांव दिलें सुवर्णदुर्गाचें. तो बुरूज अजून उभा आहे. नवऱ्याच्या फत्तेची आठवण त्या बाईनें दगडांत ठेवली. त्याबद्दल तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. पण आमच्या किती घरांत मुलींना ताराबाईची गोष्ट ठाऊक आहे?

२०२५ च्या जुलैंत युनेस्कोनें मराठ्यांचे बारा किल्ले जगाच्या वारशांत घेतले. त्यांत रायगड, पन्हाळा आहेत, तसा हा सुवर्णदुर्गहि आहे. बातमी चांगली. मात्र परदेशच्या मंडळीनें सांगितल्यावर आम्हीं मान वर करून पाहावें, हें जरा चमत्कारिक खरें.

किल्ल्याचा दरवाजा जवळ गेल्याखेरीज दिसत नाहीं. उंबरठ्यावर दगडांत कोरलेलें कांसव आहे, भिंतीवर मारुति आहे. तटाचा कांहीं भाग बेटाचा मूळ खडकच तासून केलेला, आणि वर बसविलेले चिरे एवढाले कीं ते चढविले कसे ह्याचा आजचा गवंडीहि विचार करील. ते तासणाऱ्या पाथरवटांचीं, पहारी शेवटणाऱ्या लोहारांचीं आणि चिरे उतरवून घेणाऱ्या खलाशांचीं नांवें त्या दगडांवर नाहींत. हात मात्र तुमच्या-आमच्यासारख्यांचेच होते.

पावसाळ्यांत तिकडे होडी जात नाहीं. दर्या निवळला म्हणजे हर्णैहून मिळते. जाल तेव्हां पोरांबरोबर पोरींनाहि न्या, आणि कांसव दाखवितांना ताराबाईची गोष्ट सांगा.